आधी लाकूड, मग लोखंड

"आधी लाकूड, मग लोखंड," असं म्हणत ताई पायानं लाकडी ठोकळा गाडीच्या चाकाला लावायच्या. वरून टाच मारून तो घट्ट करायच्या आणि मग गाडीला खांद्यानं एक धक्का देऊन बघायच्या. गाडी जागची हलली नाही, की ओढणी कमरेला बांधायच्या आणि डिकी उघडायच्या. जॅकचा नंबर त्यानंतर. एवढी वर्षं मी त्यांना पाहिलं, पण या क्रमात खोट आलेली एकदाच पाहिली.

तुम्ही पुण्यात राहत असाल तर अशी बाई तुमच्याही ओळखीची असणार. साठीच्या पुढची, एकटी राहणारी, बँकेत रांगेत मध्ये घुसणाऱ्याला नुसतं बघून मागे पाठवणारी. पण स्वतःच्या गाडीचं चाक स्वतः बदलणारी तुम्ही पाहिली आहे का? मी तोपर्यंत पाहिली नव्हती. आमच्या यवतमाळकडच्या गावात गाडी म्हणजे बैलाची. आणि तिचं चाक काढायलाही दोन बाप्ये लागायचे.

मी तेव्हा कर्वेनगरात एका सोसायटीत वॉचमन होतो. शाळा आठवीत सुटली, गाव त्यानंतर सुटलं. जिन्याखाली पाण्याच्या पंपाशेजारी एक खोली मिळाली होती. त्यात मी, बायको आणि आमची मुलगी. पंप सुरू झाला की भांडी थरथरायची. पण डोक्यावर छप्पर होतं, आणि पुण्यात छप्पर म्हणजे काय हे बाहेरून आलेल्यालाच कळतं. ते जाईल या भीतीनं मी सगळ्यांना घाबरायचो. सेक्रेटरीसाहेब नुसते खाकरले तरी मी उभा राहायचो. सकाळी गाड्या पुसायच्या, गेट सांभाळायचं आणि कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, एवढंच माझं धोरण.

पहिल्यांदा ताई दिसल्या त्या गाडीशेजारी बसलेल्या. जुना पंजाबी ड्रेस, हाताला काळं. मी पळत गेलो. म्हटलं, ताई, तुम्ही व्हा बाजूला, मी करतो.

"येतं तुला?"

"नाही."

"मग काय करशील?"

"तुमी सांगसान ते करतो." तेवढ्यात त्यांनी माझं बोलणं ओळखलं. गाव विचारलं. मी सांगितल्यावर त्यांचा आवाजच बदलला. सगळ्या सोसायटीशी "आपण, आपलं" करत शुद्ध बोलणारी बाई माझ्याशी एकदम नागपूरचं बोलायला लागली. "मंग असा उभा काहून आहे भाऊ? बस खाली. हे पाय नीट." म्हणजे, हे बघ नीट.

त्या दिवसापासून मी 'भाऊ'. बाकी सोसायटीत मी 'वॉचमन'च होतो. सहा वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा.

ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. फोनसाठी लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे तेव्हा त्या तिथं साहेब होत्या, आणि गल्लीगल्लीत पिवळे बूथ झाले तेव्हाही. खेड्यापाड्यातली एक्स्चेंज तपासायला खात्याच्या जीपनं हिंडायच्या. एकदा घाटाच्या अलीकडे चाक बसलं. ड्रायव्हरनं मागच्या चाकाला एक गोटा लावला, जॅक लावला आणि चाक काढलं. गोटा सरकला. ड्रायव्हरची दोन बोटं तिथंच गेली. ताईंनी ओढणी फाडून हात बांधला, पण दवाखाना गाठायला जीप परत उचलून चाक लावायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. ट्रक येईपर्यंत त्याचं ओरडणं ऐकत बसावं लागलं.

"त्याच्या बोटांपेक्षा मला माझं बसून राहणं जास्त आठवते," एवढंच म्हणाल्या. परत तो विषय काढला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी छोटी पांढरी गाडी घेतली आणि चाक बदलायचं सामान मात्र नवं घेतलं. तीन पायांचे दोन लोखंडी स्टँड, अधिकच्या चिन्हासारखा चार तोंडांचा पाना, जाड हातमोजे, आणि जुन्या खाटेच्या लाकडातून सुताराकडून कापून घेतलेले चार ठोकळे आणि एक रुंद फळी. फळी जॅकखाली किंवा स्टँडखाली घालायची. जमीन कच्ची असली की वजन एका जागी पडतं आणि जॅक खचतो. फळी ते वजन पसरवते. मी एकदा म्हटलं, ताई, मागे बांधकामाच्या विटा पडल्या आहेत, त्या घेऊ का? तर हातातलं काम थांबवून त्यांनी मला समजावलं. लाकूड मोडायच्या आधी करकरतं, माणसाला हात काढायला वेळ देतं. वीट मोडते तेव्हाच कळतं.

त्यांचे नियम मला आजही पाठ आहेत. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, गाडी उचलल्यावर जोर लावायचा नाही. गाडी कधी नुसत्या जॅकवर सोडायची नाही, खाली स्टँड द्यायचाच. आणि काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, ते आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवायचं. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बाकी सगळं फसलं तर गाडी कुठंतरी पडणारच ना. तिला पडायला जागा देऊन ठेव."

पंक्चरवाल्याशी त्यांची भांडणं तर आमच्या गल्लीची करमणूक होती. तो पान्यावर पाय देऊन, उड्या मारून नट आवळायचा. ताई त्याला ते सगळे परत सैल करायला लावायच्या. म्हणायच्या, "उद्या मी रस्त्यात एकटी असले तर हा नट मला सोडवायचा आहे. तुमच्या लाथेनं बसलेला माझ्या हातानं सुटायचा नाही." तो म्हणायचा, "बाई, सैल राहिला तर चाक निघून जाईल." त्या म्हणायच्या, "मी गल्लीला एक चक्कर मारून येते आणि परत आवळते. आपण चहा घ्या तोवर."

तेव्हा सोसायटीत गाड्या वाढत होत्या. आधी स्कूटरीच होत्या आणि गाडी एखादी. मग पोरं हिंजवडीकडे कामाला लागली आणि बघता बघता पार्किंग भरलं. दुसऱ्या मजल्यावर एक इंजिनिअर राहायचा. गळ्यात कंपनीचा पट्टा, कायम घाईत. एका सकाळी त्याचं चाक बसलेलं. त्यानं आधी गाडी उचलली आणि मग हवेतल्या चाकाच्या नटावर जोर करायला लागला. गाडी डुलायला लागली. वरून गॅलरीतून आवाज आला, "खाली उतरवा ती. आणि गळ्यातला पट्टा काढा, पान्यात अडकला तर आपणच फिराल." तो हसायला लागला. त्यानं पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला. मग ताईंनी त्याला पहिल्यापासून शिकवलं आणि मी तेवढा वेळ कंपनीचा पट्टा घालून उभा राहिलो. बायकोनं खिडकीतून पाहिलं आणि दिवसभर मला साहेब म्हणत होती.

सगळ्यांना ते गमतीचं वाटायचं. फक्त दसऱ्याला नाही.

दसऱ्याच्या सकाळी सगळं पुणं गाड्या धुतं, झेंडूचे हार घालतं, चाकाखाली लिंबू ठेवतं. आमच्या पार्किंगमध्ये गेटपाशी सगळ्यांची मिळून पूजा असायची. आणि त्याच सकाळी, त्याच पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, ताई आपली गाडी एकेक बाजू उचलून चारही चाकं काढायच्या. पुढची मागे, मागची पुढे. ब्रेक पुसायचे, नटांना हलकं ग्रीस, हवा तपासायची. हाराच्या, फुलांच्या, नव्या कपड्यांच्या शेजारी ती चाकं उतरवलेली गाडी. लोकांना ते अशुभ वाटायचं, पण तोंडावर कोणी म्हणायचं नाही. पुण्यात अशुभ असं कोणी म्हणत नाही, "दिसायला बरं दिसत नाही" म्हणतात.

सेक्रेटरीसाहेब एकदा येऊन म्हणाले, "आपलं गॅरेज किती वाजता बंद होतं?"

ताई गाडीखालूनच म्हणाल्या, "आपण गिऱ्हाईक म्हणून विचारताय की शेजारी म्हणून?"

मलाही पहिल्या वर्षी बरं वाटलं नव्हतं. आमच्या घरी दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, वखर, सगळं पूजेला बसतं. त्या दिवशी लोखंडाला कामाला लावत नाहीत. मी भीतभीत म्हटलं, ताई, आज कशाला? उद्या करू की.

"आजच."

मग पाना हातात धरून त्यांनी सांगितलं. छप्पन साली याच दिवशी त्यांचे आईवडील नागपुरात दीक्षा घेऊन घरी आले. वडील गिरणीत होते. त्यांच्याकडे सायकल होती, पण त्यांच्या सायकलला हात लावायला दुकानदार का-कू करायचा. आला-गेला संपल्यावर, सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्या दिवशी घरी आल्यावर वडिलांनी सायकल उलटी केली आणि दोन्ही चाकं स्वतः काढली. नीट जमलं नाही, संध्याकाळपर्यंत लागले होते. पण तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी त्यांनी सायकल स्वतः खोलली आणि स्वतः जोडली.

"तुमच्याकडे आज हत्यारं बसतात," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे आज माणसं उठली. धर पाना."

मी पाना धरला. पण मन राहवेना. त्या हात धुवायला वळल्या तशी मी खोलीतून हळद-कुंकू आणलं आणि जॅकला आणि पान्याला एकेक बोट लावलं. त्या परत आल्या. पाहिलं. पाना फडक्यानं पुसून घेतला, कारण मूठ घसरते. जॅकवरचं कुंकू मात्र राहू दिलं. पुढं दर वर्षी मी जॅकला कुंकू लावायचो आणि त्या दर वर्षी न बघितल्यासारखं करायच्या. काम संपलं की अंघोळ करून पांढरी साडी नेसायच्या आणि त्याच गाडीतून विहारात जायच्या. येताना माझ्या मुलीला खिरीचा डबा यायचा.

मग सोसायटीनं पार्किंगला पेव्हर ब्लॉक घातले. लाल आणि करडे, नक्षी धरून. सेक्रेटरीसाहेब ठेकेदाराच्या मागे उभे राहून एकेक ब्लॉक बसवून घेत होते. त्यांना त्याचं फार कौतुक. पाहुणे आले की आधी पार्किंग दाखवायचे. ताईंनी पहिल्याच दिवशी चपलेनं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "खाली नुसती वाळू आहे. पाऊस झाला की बसणार." साहेबांनी ते ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पोराला कोणी नाव ठेवल्यासारखा झाला.

त्या वर्षी पाऊस लांबला. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी सामान काढून धुऊन ठेवलं. फळी घासून, पुसून भिंतीला उभी केली. सकाळी आलो तर ठोकळे होते, फळी नव्हती.

फळी गेटपाशी होती. साहेबांना वाटलं पूजेचा पाट आहे. दिसायलाही तशीच, रुंद आणि गुळगुळीत. त्यावर त्यांनी लाल कापड घातलं होतं, कलश ठेवला होता, पाटीवर काढलेली सरस्वती मांडली होती. कापडाच्या खालून फळीचं टोक दिसत होतं. त्यावर निम्मा दिसणारा जॅकचा गोल वळ ओळखीचा होता.

मी म्हटलं, ताई, मागून आणू का?

त्यांनी तिकडे पाहिलं. म्हणाल्या, "देव बसले आहेत. कुणाच्या सणाला कुणाला उठवायचं नाही."

"मग उद्या करू."

"आजच."

इथं मला त्यांचा राग येतो, आजही. तुम्ही म्हणाल, मोठ्या मनाची बाई. होती. पण हट्टीही तेवढीच होती, आणि त्या दिवशी मोठेपणा आणि हट्ट एकत्र आले. फळी मागितली असती तर काम झालं असतं. काम सोडलं असतं तरी काही बिघडत नव्हतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. ठोकळे लावले, धक्का देऊन बघितलं आणि जॅक नुसत्या पेव्हरवर ठेवला. त्यांचं त्यांनाच ते आवडलं नव्हतं, कारण मागचं चाक काढून मी ते कडेखाली सरकवलं तर म्हणाल्या, "आत घे. अजून आत. आज लाकूड नाही खाली."

स्टँड दिला होता. मी चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमवरचा गंज पुसत बसलो होतो. एक हात ड्रमवर, दुसऱ्या हाताचा पंजा खाली जमिनीवर टेकलेला. करकर नाही, काही नाही. पेव्हर खचला, स्टँडचा एक पाय आत गेला, जॅक तिरपा झाला आणि गाडी खाली आली.

ती चाकावर पडली. आडव्या ठेवलेल्या त्या चाकावर. ड्रम आणि जमीन यांच्यामध्ये माझा हात मावेल एवढी फट उरली, आणि माझा हात त्या फटीत होता. मी तो बाहेर काढला आणि उलटा-सुलटा करून बघितला. धूळ लागली होती.

ताईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट मोजल्यासारखं दाबून बघितलं. तिकडे आवाज ऐकून आरती थांबली होती आणि सगळे आमच्याकडे येत होते. हारवाल्या गाड्यांमधून, नव्या कपड्यांत. ताई उठल्या. फुटलेला पेव्हर सगळ्यांना दिसत होता.

साहेब म्हणाले, "आता बास झालं."

पुढच्या रविवारी सोसायटीची सभा भरली, पार्किंगमध्येच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. एकच विषय. पार्किंगमध्ये गाडी उचलणं, चाकं काढणं कायमचं बंद. आणि ताईंचं सामान सोसायटीच्या खोलीत जमा करायचं. जमा करायचं म्हणजे त्यांच्या हातातून काढून घ्यायचं, दुसरं काय.

आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून नीट समजावलं होतं. मी सभेत उभं राहून एवढंच सांगायचं, की बाईंनी मला जबरदस्तीनं गाडीशी बसवलं आणि माझा हात जाता जाता वाचला. बाकी ते बघून घेतील. माझ्या खोलीचंही तेच बघतात, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. बायको म्हणाली, गप राहा, मुलीची शाळा इथं आहे. आमच्यासारख्यांना खोटं बोलायची भीती नसते हो, खरं बोलायची असते.

ताईंना हे कसं कळलं देव जाणे. सभेला उतरताना त्या माझ्यापाशी थांबल्या. हळूच म्हणाल्या, "तुझं घर आहे इथं. तुला जे सांगायला सोपं पडेल ते सांग भाऊ. मी नाही रागावणार."

सभेत आधी त्याच बोलल्या. म्हणाल्या, चूक माझी आहे. खाली फळी न घालता मी गाडी उचलली. फळी कुठं होती, ते बोलल्या नाहीत. साहेबांनी मान डोलावली आणि मला पुढं बोलावलं.

"घाबरू नकोस. तुला यांनी जबरदस्तीनं बसवलं होतं की नाही?"

सगळे बघत होते. मी हात वर केला, पाची बोटं पसरून. लोकांना वाटलं मी बोलायची परवानगी मागतोय.

"हा हात आहे," मी म्हणालो. "ताईंनी चाक आत घालायला लावलं म्हणून आहे. मला कोणी बसवलं नाही. मी दर वर्षी बसतो. आणि फळी असती तर गाडी पडलीच नसती. फळी पूजेत होती."

सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. मग साहेबांच्या मिसेस, ज्या एरवी सभेत बोलत नसत, हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तो पाट नव्हता?"

इंजिनिअर हसला, मग अजून दोघं-तिघं. पण हसणं वेगळं आणि मत वेगळं. ठराव मंजूर झाला. पेव्हरसाठी पैसे सगळ्यांनीच दिले होते. सामान जमा करायचं तेवढं मात्र इंजिनिअरनं ठरावातून काढायला लावलं. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "ठराव पार्किंगपुरता आहे. तसं नीट लिहा. पुढं मला कोणी विचारायला नको."

सभा उठल्यावर मला वाटलं त्या चांगलं म्हणतील. त्या चिडल्या होत्या.

"काहून बोलला? खोली गेली तर?"

"तुम्हीच म्हणाल्या ना ताई, सोपं पडेल ते सांग."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटतं हसत होत्या. नक्की सांगता येत नाही.

पुढच्या दसऱ्याला ताईंनी गाडी गेटबाहेर काढली. सोसायटीच्या भिंतीला लागून, रस्त्यावर. मी ठोकळे आणि फळी घेऊन मागोमाग. फळीवर कुंकवाचा डाग पडला होता, तो त्यांनी घासला नव्हता. "डांबर बरं," म्हणाल्या, "पेव्हरपेक्षा." येणारे-जाणारे थांबायचे, स्कूटरवाले वळून बघायचे. हारवाल्या गाड्या हॉर्न देत जायच्या. एक आजोबा म्हणाले, अहो बाई, सणासुदीचं आज कशाला?

"आजच."

थोड्या वेळानं साहेब बाहेर आले. झब्बा, टोपी, हातात आपट्याची पानं. मी उठून उभा राहिलो. ते ताईंसमोर आले आणि पान पुढं करून म्हणाले, "सोनं घ्या." ताईंनी ग्रीसच्या हातानंच पान घेतलं, म्हणाल्या, "सोन्यासारखे राहा." आणि मग, "आलाच आहात तर तो ठोकळा तेवढा पायानं आत सरकवा. भाऊचा हात गुंतलाय."

साहेबांनी आपल्या नव्या चपलेकडे पाहिलं आणि ठोकळा सरकवला. वरून टाचही मारली. म्हणजे इतकी वर्षं ते नुसते चिडत नव्हते, नीट बघतही होते.

खोली गेलीच शेवटी, पण त्यावरून नाही. सगळीकडे सिक्युरिटीच्या एजन्सी आल्या, तशी आमच्याकडेही आली. युनिफॉर्म, शिट्टी, पाळीपाळीनं बदलणारी माणसं. माझ्यासारख्या बायकापोरं घेऊन राहणाऱ्याची त्यात जागा नव्हती. पण तोवर ताईंनी मला गाडी चालवायला शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे, आधी वर्षभर स्टिअरिंगला हातच लावू दिला नव्हता. "चाक लावता येत नाही, त्यानं फिरवायचं नाही." मग रविवारी मोकळ्या मैदानावर शेजारी बसायच्या. माझं चुकलं की ओरडायच्या नाहीत, नुसता हँडब्रेक ओढायच्या. लायसन त्यांनीच काढून दिलं. खोली सुटली त्याच महिन्यात मी कंपनीच्या पोरांना हिंजवडीला ने-आण करणाऱ्या गाडीवर लागलो. आता वारज्यात माझं स्वतःचं भाड्याचं घर आहे आणि स्वतःची टॅक्सी. मुलगी कॉलेजात शिकते. हे सगळं कुणामुळं, ते मी कुणालाही सांगतो, विचारलं नाही तरी.

ताई गुडघे दुखायला लागल्यावर नागपूरला धाकट्या बहिणीकडे गेल्या. गाडी विकली. घेणाऱ्याला विकण्याआधी चारही चाकं काढून दाखवायला लावली. दोघं तसेच परत गेले, तिसऱ्याला दिली. स्टँड, पाना, ठोकळे आणि फळी माझ्या डिकीत स्वतः ठेवून गेल्या. मी पाया पडायला वाकलो तर बाजूला झाल्या. त्यांना ते चालायचं नाही. हात पुढं केला. मी तो हातात घेतला.

दर दसऱ्याला मी फोन करायचो. त्या हॅलो म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "आधी काय?"

"लाकूड."

"मंग ठेव फोन. काम कर."

गेल्या दसऱ्याला फोन लागला तो हॅलो ऐकू आलं. बहिणीचा आवाज. मी ताईंबद्दल विचारलंच नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, ताईंना जाऊन चार महिने झाले म्हणून. तुम्हाला कळवायचं राहून गेलं म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या.

फोन खिशात ठेवला. गाडी आमच्या गल्लीत भिंतीला लावलेली होती. मागचं चाक काढायचं होतं. मी ठोकळा पायानं सरकवला, टाच मारली, खांद्यानं धक्का दिला. फळी काढली. तिच्यावर जॅकचा गोल वळ आहे आणि त्याच्या शेजारी कुंकवाचा तो जुना डाग. दोन्ही आता लाकडात मुरलेत. वळावर जॅक बरोबर बसवला.

समोरच्या बिल्डिंगमधला नवा पोरगा गाडीला हार बांधत होता. तो म्हणाला, "काका, आज दसरा आहे. आज कशाला काढताय चाक?"

"आजच," मी म्हणालो, आणि खाली बसलो.